थंड पाण्यातला मासा आणि खंडेनवमी

मुलगी कशावर पीएचडी करते, असं कोणी विचारलं की बाबा सांगायचे, "पाण्यावर संशोधन चाललंय तिचं." मासे हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आमचं घर पंचवटीतलं, रामकुंडावर यजमानांचे विधी करून पिढ्यान्‌पिढ्या जगलेलं. चातुर्मासात ज्या घरात कांदा येत नाही, त्या घरातली मुलगी माशाची प्लीहा कापून नळीत भरते, हे यजमानांना सांगणार तरी कसं? म्हणून पाणी. गोदावरीच्या काठी पाण्यावर संशोधन म्हटलं की समोरचा माणूस हात जोडतो. तेव्हा मला याची गंमत वाटायची.

माझा मासा होता असेला. हिमालयातल्या ओढ्यांमध्ये, बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यात तो राहतो. गंमत अशी की तो आपल्या रोहूच्या गोतातलाच आहे. फार फार पूर्वी या गोतातले काही मासे वर चढत थंड पाण्यात गेले आणि तिथलेच झाले. आता थंड पाण्यात गेलं म्हणून आजार सुटत नाहीत. जंतू तिथेही असतात आणि त्यांच्याशी लढायला माशाच्या अंगात प्रथिनं लागतात. माझा प्रश्न एवढाच होता, की ही लढणारी प्रथिनं थंडीत काम कशी करत असतील.

नाशिकला डिसेंबरात खोबरेल थिजतं. बाटली उन्हात ठेवावी लागते, मग आंघोळीआधी दोन थेंब निघतात. थंडीत प्रथिनांचंही थोडंफार तसंच होतं, ती ताठरतात. अँटिबॉडी नावाच्या प्रथिनाला जंतू पकडायला दोन हात असतात आणि ते हात वळावेत म्हणून मध्ये एक बिजागरी असते. ती बिजागरी गारठ्यात अडली तर हात जंतूपर्यंत पोचणार नाहीत. कधीतरी कुठल्यातरी माशात तिच्या घडणीतला एखादा कण बदलला, बिजागरी जरा सैल झाली, तो मासा तगला, त्याची पिल्लं तगली. हे लाखो वर्षं चाललं असणार. दक्षिण ध्रुवाकडच्या काही माशांत असे बदल दिसतात. आपल्या असेल्यात काय झालं, आणि कडाक्याच्या थंडीत तो यातली कोणती प्रथिनं किती बनवतो, हे मला बघायचं होतं.

या सैलपणाचा एक तोटा असतो. जे प्रथिन थंडीत सहज वळतं ते उबेत लवकर मोडतं. हे मी एकदा जेवताना बाबांना सांगितलं होतं. मासे हा शब्द गाळून सांगितलं, अर्थातच. त्यांना ते फार पटलं. म्हणाले, बरोबर आहे, फार सैल सोडलं की टिकत नाही. आणि आईकडे बघून हसले. मी पस्तिशी गाठलेली, बिनलग्नाची, रात्री आठला घरी येणारी मुलगी. त्यांचा रोख कुठे होता ते मला कळलं आणि मी आमटी वाढून घेतली.

तर नमुने. उत्तराखंडातल्या एका ओढ्यावर मी दोन हिवाळे आणि एक उन्हाळा गेले. पाण्यात पाय ठेवला की घोट्यापासून खाली काही जाणवत नसे. तिथल्या एका मच्छीमाराने जाळ्यात धरलेले मासे काठावरच कापायचे, प्लीहा आणि मूत्रपिंड नळ्यांमध्ये भरायचं, नळ्या कोरड्या बर्फात पुरायच्या. मग थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन आगगाडीने नाशिक रोडपर्यंत. वाटेत बर्फ संपत आला की दिल्लीत उतरून नवा भरायचा. डब्यातल्या बायका विचारायच्या, काय आहे गं यात? मी सांगायची, कुल्फी. एकीने मला झोप लागलेली बघून तो खोका स्वतःच्या पायाशी जपून ठेवला होता, नातवाला कुल्फी मिळेल म्हणून.

एवढी धडपड कशासाठी, तर पेशी प्रथिन बनवायच्या आधी त्याची एक प्रत काढते, आरएनए म्हणतात तिला. ती वाचली तर त्या थंडीत त्या माशाच्या अंगात काय चाललं होतं ते कळतं. पण ती प्रत इतकी नाजूक असते, की नमुना वितळला की तिचा चुरा होतो, आणि मग वाचायला काही राहत नाही. म्हणून उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर. आमच्या कॉलेजात असा एकच होता आणि त्याच्या खालच्या दोन कप्प्यांत माझा असेला होता. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे आणि उन्हाळ्यात काहीच नाही. पीएचडी झाली तरच कायम नोकरीच्या मुलाखतीला उभं राहता येणार होतं. माझी पीएचडी त्या दोन कप्प्यांत होती. पुढची आठ-दहा वर्षंही तिथेच होती म्हणा.

त्या वर्षी आमच्या विभागप्रमुखांच्या मनात आलं, की विभागात खंडेनवमी करायची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडू घालून त्यांची पूजा होते. सर म्हणाले, आपली शस्त्रं म्हणजे आपली उपकरणं, आपण का मागे राहायचं? आणि गुरुजी तर आपल्या घरचेच आहेत. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे मार्गदर्शकही तेच होते. मी काय बोलणार. बाबांना मात्र मनापासून आनंद झाला. मुलीच्या कॉलेजातून पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं, तेही मानाचं. त्यांनी ठेवणीतला कद काढून आदल्या दिवशी उन्हात घातला.

त्याच दिवशी संध्याकाळी मला 'अडचण' आली.

बाहेर कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण आमच्याकडे ते अजून पाळतात. एरवी त्या दिवसांत मी कॉलेजला जायची, लेक्चर घ्यायची, मासे कापायची. त्याला बाबांची हरकत नव्हती. घरी आलं की फक्त देवघर आणि स्वयंपाकघर सोडून बसायचं. पण जिथे पूजा, तिथे मी नको. बाबा पूजा सांगणार त्या खोलीत तर नाहीच. आईने मला दाराशीच थांबवून सांगितलं, उद्या तू जाऊ नकोस, त्यांना आवडणार नाही, त्यांचा मान आहे. मी वाद घातला नाही असं नाही. घातला. आईने नेहमीप्रमाणे एवढंच म्हटलं, एका दिवसाने तुझं काय अडतंय?

मी विभागातल्या शिपाईमामांना फोन केला. हे मामा मखमलाबादकडचे, घरी झेंडूची शेती, त्यामुळे हारांची जबाबदारी त्यांच्याकडेच होती. मी त्यांना बजावलं, मोठ्या फ्रीजरला हार घाला, गंध लावा, काय हवं ते करा, पण तो बंद करायचा नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुमी काय बी काळजी करू नका." सकाळी बाबा संध्येला बसले असताना मी लांबून त्यांनाही सांगितलं, की तेवढं एक यंत्र बंद होऊ देऊ नका, आत माझे नमुने आहेत. संध्या चालू असताना ते बोलत नाहीत. त्यांनी मान हलवली. ती मान मी होकार समजले.

मी त्या दिवशी माझ्या खोलीत चटईवर बसून प्रतिकारशक्तीवरचा धडा तयार करत होते. शरीराची संरक्षणव्यवस्था आधी एकच गोष्ट तपासते, समोर आहे ते आपलं की परकं. मुलांना हे वाक्य फार आवडतं, परीक्षेत सगळे तेच लिहितात. मी ते वहीत लिहिलं, आणि बाहेर आईने माझं ताट दाराशी ठेवलं, वर रुमाल झाकून.

दुपारी बाबा आले ते खुशीत. पूजा छान झाली, सरांनी शाल दिली, फोटो काढले. आईने प्रसादाच्या नारळाचे तुकडे केले आणि एक तुकडा वरून माझ्या हातात टाकला, हाताला हात न लावता. मी खाल्ला. गोड होता. तो नारळ माझ्या फ्रीजरपुढे वाढवलेला होता हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी दसरा, कॉलेज बंद. शेजारपाजारचे लोक आपट्याची पानं द्यायला येत होते आणि मी आतून आवाज ऐकत होते. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी कॉलेजला गेले. विभागाच्या दारातच जाणवलं, की खोली गप्प आहे. तो फ्रीजर सतत गुरगुरायचा, एरवी त्याचा वैताग यायचा. फरशीवर पाण्याचं थारोळं होतं आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. फ्रीजरच्या दारावर ऐन मध्यावर कुंकवाचं स्वस्तिक. तिथे मी 'बंद करू नये' असा कागद लावला होता. तो काढून त्या जागी स्वस्तिक काढलं होतं, आणि कागद टाकायचा कशाला म्हणून बाजूला नीट चिकटवून ठेवला होता.

मी दार उघडलं. ऑक्टोबरातला नाशिकचा उकाडा ज्याने सोसलाय त्याला पुढचं सांगायला नको. वास सांगायचाच नाही मला.

मामा पाठोपाठ आले. त्यांनी पाणी बघितलं, मला बघितलं, आणि फडकं आणायला वळले. मी त्यांना थांबवून विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबा फ्रीजरपाशी आले तेव्हा तो चालू होता. ते म्हणाले, चालत्या यंत्राची पूजा होत नाही, बंद करा. मामांनी माझा निरोप सांगितला. सर तिथेच उभे होते, ते काही बोलले नाहीत. फ्रीजर बंद झाल्यावर त्याचा धोक्याचा भोंगा वाजायला लागला. मंत्र चालू असताना तो आवाज बरा दिसेना, म्हणून सरांनीच किल्ली फिरवून तोही बंद केला. निघताना बाबा सांगून गेले, की पूजा झालेल्या यंत्राला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. कोणी लावला नाही.

"मी सांगितलं होतं ना मामा तुम्हाला," मी म्हटलं.

"म्या बोललो ना मॅडम. दोनदा बोललो," मामा म्हणाले. "तर गुरुजी म्हनले, मी तिचा बाप आहे. मंग म्या काय बोलनार?"

मामांवर मला राग धरता आला नाही. त्यांनी ती फरशी पुसली आणि पाकळ्या वेगळ्या गोळा करून पिशवीत ठेवल्या, पूजेच्या होत्या म्हणून.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता, पण तो चहा येईपर्यंत टिकला. म्हणाले, वाईट झालं, पण कोणी मुद्दाम तर केलं नाही, देवाचं कार्य होतं. अहवालात लिहू की लाइट गेली होती. लाइट जातेच. लाइट गेली यावर या देशात कोणी उलट प्रश्न विचारत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं निघालं. नंतर स्टाफरूममध्ये मी एकदा स्पष्ट बोलले, की पूजेसाठी बंद केला होता. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच देवाला नावं ठेवली. एक बाई तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, वडिलांचं नाव अशा गोष्टीत घेऊ नये. त्यानंतर मी डबा प्रयोगशाळेतच खायला लागले.

फ्रीजर उघडला त्या संध्याकाळी मात्र मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. सगळं सांगितलं. या वेळी मासे म्हटलं, प्लीहा म्हटलं, आईने पदर तोंडाला लावला तरी थांबले नाही. दोन हिवाळे, ते पाणी, तो खोका, आणि आता पीएचडी होईल की नाही माहीत नाही. बाबा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. माझं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, "पण ते मासे मेलेलेच होते ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. त्यांच्या मनात हत्येचं भय होतं, आपल्या हातून जीव गेला की काय याचं. माझं काय गेलं हे त्यांच्या हिशेबात कुठे बसतच नव्हतं. मला तेव्हा त्यांचा इतका संताप आला की झोपाळ्याची कडी धरून तो थांबवावासा वाटला. मी आत गेले. त्या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

परत हिमालयात जाणं जमलं नाही. अनुदान संपलं होतं आणि सर म्हणाले, आता थोडं व्यवहारी हो. मग विषय बदलला. आता मी संगणकावर बसते. जगातल्या इतर लोकांनी इतर समुद्रांतून काढलेल्या माशांच्या जनुकांचे क्रम इंटरनेटवर असतात, ते उतरवून घ्यायचे आणि एकाखाली एक लावून कुठे काय बदललं ते बघायचं. काम खोटं नाही. पण दुसऱ्याच्या माशांवर जगणं आहे. यातच मला उत्तर अटलांटिकमधला कॉड भेटला. पाठीचा कणा असलेल्या बहुतेक प्राण्यांत जंतू ओळखण्याची एक मोठी व्यवस्था असते, ती या माशाने कधीतरी पार गमावली. त्यासाठीची जनुकंच नाहीत. आणि तरी तो जगतो, दुसऱ्या व्यवस्था वाढवून भागवतो. वर्गात हे सांगितलं की मुलं खूश होतात. एक मुलगी म्हणाली, मॅडम, म्हणजे गेलेल्या गोष्टीशिवायही जमतं. मी तिला म्हटलं, कॉडला कोणी विचारलेलं नाही.

पीएचडी अजून चालू आहे. मधल्या काळात कायम जागेच्या मुलाखती झाल्या. मला बोलावणं येण्याचा प्रश्न नव्हता. त्या जागेवर आलेला मुलगा माझ्यापेक्षा लहान आहे आणि मला आदराने ताई म्हणतो. फ्रीजर धुऊन पुन्हा चालू केला, तो नुसताच चालू असतो. त्याच्या वीजबिलावरून दर वर्षी कुरकुर होते, पण बंद ठेवला तर खराब होईल म्हणून कोणी कायमचा बंद करत नाही.

खंडेनवमी विभागात आता दर वर्षी होते. मधली वर्षं सरांनी दुसऱ्या गुरुजींना बोलावलं, त्याचं कारण कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. या वर्षी ते गुरुजी गावाला गेले होते. सरांनी बाबांना फोन केला. बाबा आता थकलेत, जिना चढताना थांबतात. त्यांनी मला विचारलं, तू येशील ना बरोबर? मला या वर्षी अडचण नव्हती. मी त्यांना रिक्षातून नेलं. द्वारका चौकात नेहमीसारखी रिक्षा अडकली, तेवढ्या वेळात ते पिशवीतलं हळदकुंकू पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते.

विभागात सगळे जमले होते. मामांनी हार आणले होते. बाबांनी सूक्ष्मदर्शकांची पूजा केली, तराजूची केली, आणि मग फ्रीजरपाशी आले. तो गुरगुरत होता. मामांनी सवयीने बटणाकडे हात नेला. बाबांनी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यभर चालत्या यंत्राला गंध न लावलेला माणूस तो.

"चालू राहू द्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आत हिचं काम आहे."

सर फरशीकडे बघत होते. मामा माझ्याकडे बघत होते, कारण मामांना माहीत होतं. मीच पुढे झाले आणि तो हार बाबांच्या हातात दिला. त्यांनी मंत्र म्हणत तो दारावर चढवला, मी एका बाजूने धरला. गंध लावल्यावर त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला कळलं का, ते बघत होते. मला कळलं. एवढ्या वर्षांनी, चारचौघांत, त्यांनी त्यांचा नियम माझ्यासाठी मोडला होता, आणि आता मी हसावं एवढंच त्यांना हवं होतं.

मी हसले. त्यांनी नारळ वाढवला आणि पहिला तुकडा स्वतः माझ्या तळहातावर ठेवला. फ्रीजरच्या खालच्या दोन कप्प्यांत बर्फ साठला होता, बाकी काही नव्हतं.